घरात राहून पाळायचे व्रत
व्यसनमुक्तीच्या बाह्यरुग्ण उपचारांची वाटचाल आणि गोंदिया जिल्हा

धार्मिक न्यासाच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा झाला, तर तो बहुधा वास्तूंच्या भाषेत मांडला जातो. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळेच्या खोल्या, पाठशाळा, दवाखाना, पाणपोई या सर्वांची नोंद दात्यांच्या नावांसह संगमरवरी पाटीवर कोरलेली असते. ती योग्यच आहे. परंतु श्रावकाच्या आचारधर्मात ज्या गोष्टीला आरंभीचे पाऊल मानले आहे, त्या सप्तव्यसनत्यागाची पाटी कोठेही लावता येत नाही, कारण तो त्याग माणसाच्या आत आणि त्याच्या घरात घडतो. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्यसनमुक्तीच्या प्रयत्नांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शपथेपासून कायद्यापर्यंत, कायद्यापासून रुग्णालयापर्यंत आणि रुग्णालयापासून पुन्हा घरापर्यंत अशी ही वाटचाल झालेली आहे. तिचा शेवटचा टप्पा, म्हणजे रुग्ण घरी राहून, कामधंदा करीत घेतो तो बाह्यरुग्ण उपचार, गोंदियासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे.

श्रावकाचारातील व्यसनविचार

‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ संकट, आपत्ती असा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील एक संपूर्ण अधिकरण राज्यावर येणाऱ्या अशा ‘व्यसनां’संबंधी आहे. जैन आचारग्रंथांनी हाच शब्द माणसाच्या व्यक्तिगत जीवनाला लावला आणि द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी व परस्त्रीगमन अशी सात संकटे सांगितली. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात पाच अणुव्रतांच्या जोडीने मद्य, मांस व मधू यांचा त्याग मिळून श्रावकाचे आठ मूलगुण होतात. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी राजा कुमारपालासाठी रचलेल्या योगशास्त्रातही मद्याचे दोष विस्ताराने आले आहेत.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आचार्यांनी केवळ पिणाऱ्यालाच जबाबदार धरले नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांमध्ये, म्हणजे दोषयुक्त व्यवसायांमध्ये, रसवाणिज्याचा समावेश असून त्यात मद्याचा व्यापार येतो. व्यसन हा एकट्या व्यसनी माणसाचा प्रश्न नसून त्यात विक्रेता, बाजार आणि समाज यांचाही वाटा असतो, हा विचार आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे.

दुसरी बाब याहून महत्त्वाची आहे. जैन परंपरेने दोन मार्ग सांगितले. मुनी घर सोडतो आणि महाव्रते पाळतो. श्रावक घरात राहतो, दुकान चालवतो, शेती पाहतो, मुलाबाळांचे करतो आणि अणुव्रते पाळतो. श्रावकासाठी अकरा प्रतिमांची पायरी-पायरीने चढण्याची व्यवस्था आहे. व्रतात कसकसे दोष लागू शकतात, हे ‘अतिचार’ म्हणून आधीच मोजून ठेवले आहे आणि दोष लागला तर आलोचना, प्रतिक्रमण व प्रायश्चित्त करून परत व्रतात कसे यावे, हेही सांगितले आहे. प्रत्याख्यानदेखील मर्यादित काळाचे घेता येते. सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांच्या नवकारसीपासून त्याचा आरंभ होतो. संसारात राहणाऱ्या माणसाकडून चूक होणार, म्हणून त्याला परतीची वाट खुली ठेवली पाहिजे, असे हे शास्त्रीय औदार्य आहे. आधुनिक व्यसनोपचाराला या ठिकाणी पोहोचण्यास बराच काळ लागला.

शपथ आणि बंदी

विदर्भात व्यसनमुक्तीचा आवाज प्रथम संतांनी खेड्यापाड्यांत पोहोचवला. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) कीर्तनांतून आणि राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९-१९६८) खंजिरीच्या तालावरील भजनांतून दारूवर प्रहार केले. जैन समाजात आचार्य तुलसी यांनी १९४९ साली राजस्थानातील सरदारशहर येथून अणुव्रत आंदोलन सुरू केले. त्याच्या नियमांत व्यसनमुक्त जीवनाचा संकल्प असून हे आंदोलन जात, धर्म न पाहता सर्वांसाठी खुले होते. चातुर्मासात प्रवचनानंतर उभे राहून ‘नियम’ घेण्याची प्रथा तर गावोगावी चालत आलेली आहे.

याच काळात शासनानेही पावले उचलली. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. राज्यघटनेच्या सत्तेचाळिसाव्या अनुच्छेदात मादक पेयांवर बंदी आणण्याचे तत्त्व नमूद झाले. पुढे महाराष्ट्रात सर्वत्र बंदी टिकली नाही. मात्र वर्धा जिल्ह्यात १९७०च्या दशकात आणि गडचिरोली जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठवण्यात आली. गडचिरोलीची बंदी ही लोकचळवळीतून आली होती. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने आणि असंख्य आदिवासी व ग्रामीण स्त्रियांच्या बळावर १९८८ पासून तेथे दारूमुक्तीचे आंदोलन चालले होते.

शपथ आणि बंदी या दोहोंचे मोल मोठे आहे. शपथेमुळे माणसाचे मन वळते. बंदीमुळे दारू सहज हाती येत नाही. नव्याने पिऊ लागणाऱ्याला यांपैकी एकही पुरेशी ठरू शकते. पण जो वर्षानुवर्षे रोज पीत आला आहे, त्याचे शरीरच दारूवर अवलंबून झालेले असते. अशा माणसाने एकाएकी दारू सोडली, तर पहिल्या काही तासांतच हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पुढील एकदोन दिवसांत काहींना फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होऊ लागतात, वेळकाळाचे भान सुटते आणि उपचार न मिळाल्यास जीव जाण्याचा धोका असतो. घरचे लोक याला बाहेरची बाधा समजतात किंवा ‘दारू सोडली म्हणून हे झाले’ असे म्हणून पुन्हा घोटभर पाजतात.

ही माहिती प्रवचनसभेच्या आयोजकांपर्यंत क्वचितच पोहोचते. रोज सकाळी उठल्याबरोबर दारू घ्यावी लागणारा माणूस भारावलेल्या क्षणी आजन्म त्यागाची प्रतिज्ञा करतो, तेव्हा त्याला टाळ्यांबरोबरच डॉक्टरचीही गरज असते. तो तिसऱ्या दिवशी पुन्हा प्यायला, तर समाज त्याला प्रतिज्ञाभंग करणारा ठरवतो. वस्तुतः त्याच्या निश्चयाचा कस लागण्याआधीच त्याच्या शरीराने त्याला गाठलेले असते.

पाप, रोग आणि उपचार

व्यसन हा दुर्गुण नसून दीर्घकाळ चालणारा आजार आहे, ही दृष्टी विसाव्या शतकात रुजली. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी एक शेअरदलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही अट्टल मद्यपी, एकमेकांना भेटले आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही सभांची चळवळ उभी राहिली. भारतात ती १९५७ साली आली. या सभांत जन्मभराची शपथ घ्यावयाची नसते. फक्त आजचा दिवस प्यायचे नाही, एवढाच निश्चय करावयाचा असतो आणि तो उद्या पुन्हा करावयाचा असतो. मर्यादित काळाच्या प्रत्याख्यानाची सवय असलेल्या श्रावकाला ही रीत परकी वाटू नये.

१९४८ च्या सुमारास कोपनहेगन येथील संशोधकांनी डायसल्फिराम या औषधाचा मद्यपींवर उपयोग होतो हे दाखवले. ही गोळी चालू असताना दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. आपल्याकडे हीच गोळी जेवणात कालवून, नवऱ्याला नकळत देण्याचे प्रकार अनेक घरांत घडले आणि घडतात. त्यामागे पत्नीची अगतिकता असते. पण ते अत्यंत धोकादायक आहे. गोळीचा अंमल असताना अजाणता दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून मृत्यूही ओढवू शकतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे आहे.

महाराष्ट्रात या विषयाला मानवी चेहरा मिळाला तो पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर अर्थात गर्द पसरू लागला. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांच्या आर्थिक साहाय्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी त्याची घडी बसवली. मारहाण, कोंडून ठेवणे, अपमान यांना तेथे जागा नव्हती. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला. डॉ. अनिता अवचट १९९७ साली आणि डॉ. अनिल अवचट २०२२ साली गेले. पण त्यांनी घालून दिलेली प्रेमाची शिस्त महाराष्ट्रातील व्यसनमुक्ती कार्याचा मानदंड ठरली.

मुक्तांगणचा उपचार निवासी, पस्तीस दिवसांचा. परंतु या केंद्राने आरंभापासून एक सत्य ओळखले होते. पस्तीस दिवसांनी रुग्ण ज्या घरात, ज्या गल्लीत परततो, तेथेच त्याची खरी परीक्षा असते. म्हणूनच गावोगावी पाठपुराव्याच्या सभा सुरू झाल्या. निवासी उपचाराने बाह्यरुग्ण उपचाराची गरज अशा रीतीने स्वतःच अधोरेखित केली.

घर सोडणे आवश्यक आहे काय?

हा प्रश्न वैद्यकशास्त्राने काटेकोरपणे तपासला आहे. लंडनमध्ये ग्रिफिथ एडवर्ड्स, जिम ऑरफर्ड व सहकाऱ्यांनी शंभर विवाहित मद्यपी पुरुषांचा अभ्यास करून १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना पती-पत्नी दोघांना समोर बसवून एकदाच नीट सल्ला देण्यात आला. उरलेल्यांना त्या काळचे सर्व उपचार, गरजेनुसार रुग्णालयात दाखल करण्यासह, मिळाले. वर्षअखेर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या निष्कर्षाने त्या काळी मोठी खळबळ उडाली.

१९८९ साली फिलाडेल्फिया येथील अभ्यासात दारू तुटल्यानंतरचा सौम्य ते मध्यम त्रास असलेल्या १६४ पुरुषांपैकी काहींना दाखल करून, तर काहींना रोज दवाखान्यात बोलावून औषधे देण्यात आली. दाखल झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी आणि रोज येणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांनी हा पहिला टप्पा पूर्ण केला. म्हणजे घरून येणारे गळण्याचे प्रमाण अधिक होते, हे मान्य केले पाहिजे. परंतु सहा महिन्यांनी दोन्ही गटांची स्थिती सारखीच होती आणि बाह्यरुग्ण उपचाराचा खर्च दाखल करण्याच्या खर्चाच्या दशांशाच्या आसपास होता.

अशा अनुभवांतून अमेरिकेत १९८०-९०च्या दशकांत ‘सघन बाह्यरुग्ण उपचार’ ही मधली पायरी आकाराला आली. नोकरी सांभाळून संध्याकाळी येणाऱ्यांसाठी ती सोयीची होती. आठवड्यातून किमान नऊ तास, म्हणजे साधारणतः तीन दिवस तीन-तीन तास, असे तिचे प्रमाण तेथे मानले जाते. त्यात गटसभा, व्यक्तिगत समुपदेशन, कुटुंबाची बैठक आणि आवश्यक ती औषधे असतात. काही महिन्यांनी तास कमी होत जातात. संपर्क मात्र तुटू देत नाहीत.

भारतातील पुरावाही आता उपलब्ध आहे आणि तो आपल्या शेजारच्या गोव्यातील आहे. ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या, परंतु पूर्ण अवलंबित्व न आलेल्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, मात्र नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी एक ते चार भेटींत त्यांच्याशी संवाद साधला. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी २६ टक्के घातक मद्यपानातून बाहेर आले होते. हा चमत्कार नव्हे. पण मोठी इमारत नसताना, साध्या आरोग्य केंद्राच्या खोलीत हे घडले, याचे महत्त्व ग्रामीण जिल्ह्यांना सहज कळेल.

गरजेचे प्रमाण पाहिले म्हणजे ते अधिकच पटते. केंद्र शासनाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार मद्यावलंबी ३८ व्यक्तींपैकी एकाला कोणताही उपचार मिळतो आणि दाखल होऊन उपचार मिळणारी व्यक्ती १८० मागे एक असते. एवढ्यांसाठी खाटा निर्माण करणे कोणत्याही शासनाला किंवा न्यासाला नजीकच्या काळात शक्य नाही.

गोंदिया : धान, मोहफूल आणि खर्रा

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला गोंदिया हा राज्याच्या पूर्व टोकाचा, आठ तालुक्यांचा जिल्हा. एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड आणि दक्षिणेला दारूबंदी असलेला गडचिरोली. गोंदिया शहर हे रेल्वेचे जंक्शन व तांदळाच्या गिरण्यांचे गाव. तर सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत जंगल आणि आदिवासी वस्ती मोठी. येथील वर्षाचे वेळापत्रक कामाच्या हंगामांनी ठरते. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहफूल वेचणे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणे, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आसपास धानकापणी. ज्याचे घर रोजीवर चालते, त्याला रोवणीच्या दिवसांत पस्तीस दिवस दूरच्या शहरात जाऊन राहा, असे सांगणे म्हणजे उपचार नाकारण्यासारखेच आहे. पत्नीला मजुरी, मुले आणि नवऱ्याला भेटण्याची यातायात यांतून निवड करावी लागते.

मोहफुलाचे झाड हे येथील आदिवासी जीवनाचे अन्न, औषध व श्रद्धास्थानही आहे, याचे भान बाहेरून येणाऱ्या उपदेशकाने ठेवले पाहिजे. मोहाला शिवी देऊन दारू सुटत नाही. त्या माणसाला मात्र आपल्यालाच शिवी दिली असे वाटते.

तंबाखूचा प्रश्न याहून व्यापक आहे आणि तो सर्व समाजांच्या घरांत शिरलेला आहे. २०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करीत होते आणि त्यांतील बहुतांश धूरविरहित प्रकारचे होते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आली. पण विदर्भातील पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू व चुना घोटून मिळणारा खर्रा तरुणांच्या खिशात राहिला. मद्याला स्पर्श न करणाऱ्या आणि कांदा-लसूणही वर्ज्य मानणाऱ्या घरातील मुलाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी सापडते, तेव्हा ते कुटुंब त्याला व्यसन म्हणावयास धजत नाही. ‘आपल्यात हे नाही’ हा समज व्यसनमुक्तीच्या मार्गातील मोठा अडथळा आहे, कारण त्यामुळे पहिली मदत मागण्यासच उशीर होतो.

शेजारच्या गडचिरोलीचा अनुभव येथे उपयोगी पडतो. बंदी असूनही दारू व तंबाखूचा प्रश्न उरतो, हे ओळखून २०१६ साली शासन, टाटा ट्रस्ट व ‘सर्च’ यांच्या सहभागाने तेथे ‘मुक्तिपथ’ हा जिल्हाव्यापी उपक्रम सुरू झाला. गावसंघटना, कायद्याची अंमलबजावणी, जनजागृती आणि उपचार असे त्याचे चार भाग आहेत. उपचाराच्या भागात तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी भरणारे व्यसनोपचार क्लिनिक आणि गावपातळीवरील शिबिरे येतात. म्हणजे रुग्णाने केंद्राकडे जाण्याऐवजी केंद्र रुग्णाच्या बाजारगावापर्यंत आले. कोरची-कुरखेड्याच्या सीमेपलीकडे देवरी आणि अर्जुनी मोरगाव आहेत. माणसे, भाषा व हंगाम सारखेच आहेत.

असे केंद्र कसे उभे राहते?

बाह्यरुग्ण केंद्रासाठी लागणारी साधने थोडी आहेत. शिस्त मात्र कडक हवी. पहिली शिस्त निवडीची. प्रत्येक नव्या रुग्णाची डॉक्टरांनी तपासणी केलीच पाहिजे. पूर्वी फिट आलेली आहे, दारू तुटल्यावर भास झाले आहेत, कावीळ किंवा अन्य गंभीर आजार आहे, आत्महत्येचे विचार आहेत, किंवा घरी लक्ष ठेवणारे कोणीच नाही, अशा व्यक्तीला घरून उपचार देणे धोक्याचे असून तिला रुग्णालयातच दाखल केले पाहिजे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा रुग्णालयाशी आधीच बोलणे झालेले असावे. हा दुवा नसेल, तर केंद्र उघडू नये, हेच उत्तम.

दुसरी शिस्त वेळेची. आठवड्याचे ठरलेले तीन दिवस, काम आटोपल्यानंतरची वेळ, आणि पाऊस असो वा सण, दार उघडे असण्याची खात्री. रुग्ण एक दिवस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जाऊन विचारपूस करतो. रागावण्यासाठी नव्हे, तर खुर्ची रिकामी होती एवढे सांगण्यासाठी. घरून येणारे गळतात, हे फिलाडेल्फियाच्या आकड्यांनी दाखवले आहे. त्यावरचा उपाय ही सायकलवरून मारलेली फेरी आहे.

तिसरी शिस्त कुटुंबाची. पत्नी, आई किंवा भाऊ यांची बैठक स्वतंत्र घ्यावी लागते. वर्षानुवर्षे मार खाल्लेली स्त्री नवऱ्याच्या उपचारासाठी आली म्हणजे तिच्या मनातील सर्व काही मिटले, असे नसते. तिच्या सुरक्षिततेचा विचार नवऱ्याच्या निश्चयापेक्षा आधी करावयाचा असतो.

चौथी शिस्त घसरणीसंबंधी. सहा महिने न पिणारा माणूस एखाद्या लग्नात वा तेराव्याला प्यायला, तर ते केंद्राचे अपयश नव्हे आणि त्याच्या निश्चयाचा अंतही नव्हे. कोणत्या दिवशी, कोणासोबत, कशामुळे हे घडले, याची नोंद करून पुढील वेळेची तयारी करावयाची असते. ‘अतिचार’ आणि ‘अनाचार’ यांत शास्त्रकारांनी केलेला भेद या ठिकाणी आठवावा. व्रताला डाग लागणे वेगळे आणि व्रत सोडून देणे वेगळे.

पाचवी शिस्त प्रतिष्ठेची. बांधून ठेवणे, मारणे, उपाशी ठेवणे असे प्रकार ‘व्यसनमुक्ती’च्या नावाने देशात घडल्याच्या बातम्या वेळोवेळी आलेल्या आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व मादक पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांनाही आपल्या कक्षेत घेतले असून अशा रुग्णांनाही सन्मानाने वागवले जाण्याचा हक्क आहे. रुग्णाचे नाव बाहेर फुटता कामा नये. लहान गावात ही गोष्ट औषधाइतकीच महत्त्वाची ठरते.

औषधदान आणि अभयदान

आपल्या परंपरेने दानाचे चार प्रकार सांगितले: आहार, औषध, शास्त्र आणि अभय. पहिल्या तिन्हींची उदाहरणे न्यासांच्या इतिहासात जागोजागी सापडतात. अभयदानाचा संबंध मात्र बहुधा पशुपक्ष्यांच्या जीवदयेशी जोडला जातो आणि गोशाळा व पांजरपोळ यांनी तो परंपरेत उज्ज्वल ठेवला आहे. परंतु भय माणसालाही असते. संध्याकाळी दाराची कडी वाजली की मुले अंथरुणात डोळे मिटून पडतात, त्यांचे भय असते. ‘दवाखान्यात गेलो तर गावाला कळेल’ हे पिणाऱ्याचे भय असते. ‘पुन्हा प्यायला तर काय करू’ हे आईचे भय असते. ज्या खोलीत या तिघांना कोणी ओरडणार नाही, हिणवणार नाही आणि नाव उघड करणार नाही, ती खोली म्हणजे अभयदानाचे स्थान होय.

अशा खोलीसाठी नवी वास्तू बांधावी लागत नाही. धर्मशाळेची एखादी खोली, सतरंजी, पाण्याचा माठ, नोंदवही, आठवड्यातून येणारा डॉक्टर, प्रशिक्षित समुपदेशक आणि व्यसनातून बाहेर आलेला एखादा कार्यकर्ता एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पन्नास वर्षांत उभ्या राहिलेल्या वास्तूंमध्ये अशी एक खोली बहुधा आधीच असते. ती आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडली आणि वर्षानुवर्षे उघडी ठेवली, तर श्रावकाचारातील पहिली पायरी गावातील कोणत्याही जातिधर्माच्या, थकलेल्या, पुन्हापुन्हा घसरलेल्या माणसासाठी खुली होईल. मुनी घर सोडून तरतात. घर न सोडता तरण्याचा मार्ग भगवंतांनी श्रावकासाठी सांगितला. तोच मार्ग व्यसनी माणसाच्या दारापर्यंत नेणे, हे सुवर्णमहोत्सवानंतरच्या पर्वाचे कार्य ठरावे.

शुभं भवतु.